घास अडकू लागला तर : अन्ननलिकेच्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधी आणि नंतर घरच्यांनी करायची कामे



या पानावर आपण एरवी बेणे, खतमात्रा, पाण्याच्या पाळ्या आणि खोडवा यांचे पाठ वाचता. या वेळचा पाठ माणसाच्या जिवाचा आहे. विषय अवघड आहे, पण टाळून चालणार नाही, कारण आपल्याच एका सभासदाच्या घरी तो येऊन गेला. त्यांचे नाव-गाव आम्ही सांगत नाही. घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. "लिहाच. आमचं जे चुकलं ते दुसऱ्याचं चुकू नये," असे त्या घरच्या वहिनींनीच आम्हाला बजावले.

झाले असे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास या सभासदांना जेवताना भाकरीचा घास छातीत अडकल्यासारखा वाटू लागला. पाण्याचा घोट घेतला की उतरायचा. मग ते भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले. पुढे लग्नकार्यात पंगतीला बसायचे टाळू लागले. वहिनी रोज म्हणायच्या, "अहो, डॉक्टरला दाखवा की." उत्तर ठरलेले, "ऊस जाऊ दे, मग बघू." तोडणीची टोळी आली माघात. तोवर भातही उतरेनासा झाला होता आणि वजन ६२ किलोंवरून ५१ वर आले होते.

तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा घटतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गाडी यायला एक दिवस उशीर झाला तर आपण शेतकी खात्यात जाऊन भांडतो. पण घास अडकतोय म्हणून आपण चार महिने कुणाशी बोलत नाही.

आम्ही या घरी दोनदा जाऊन बसलो, वहिनींनी सांगितले ते लिहून घेतले, आणि जाणत्या डॉक्टरांकडून ते ताडून पाहिले. शस्त्रक्रिया सर्जन करतात आणि ती एका दिवसात होते. तिच्या आधीचे दोन-तीन महिने आणि नंतरचे सहा-आठ महिने मात्र घरच्यांच्या हातात असतात. त्या दिवसांचा हा पाठ आहे.

१. अन्ननलिका आणि तिचा रोग

घशापासून जठरापर्यंत अन्न नेणारी नळी ती अन्ननलिका. मोठ्या माणसात ती साधारण १० इंच लांब असते. श्वासनलिका, हृदय आणि पाठीचा कणा यांच्या अगदी लगत ती छातीतून खाली उतरते. म्हणूनच तिची शस्त्रक्रिया मोठी समजली जाते.

ही नळी लवचिक आहे, घासासरशी ताणते. त्यामुळे आत गाठ वाढू लागली तरी सुरुवातीला काही जाणवत नाही. नळी बरीच अरुंद झाली की मग भाकरी, मटण असे घट्ट पदार्थ आधी अडकतात, नंतर भात, शेवटी पातळही. हा क्रम लक्षात ठेवा. वयाच्या चाळिशीनंतर घास अडकणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, सोबत वजन उतरत असले, तर "पित्त झालंय" म्हणून सोड्याच्या पुड्या खात बसू नका. दुर्बिणीची तपासणी करून घ्या. नळीत बारीक दुर्बीण घालून आत बघतात आणि शंका वाटली तर छोटासा तुकडा तपासायला घेतात. पोट कापावे लागत नाही.

रोग मुख्यतः दोन प्रकारचा. नळीच्या वरच्या आणि मधल्या भागात होणाऱ्या प्रकाराचा संबंध तंबाखू आणि दारूशी मोठा आहे. विडी, सिगारेट, मावा, गुटखा आणि आपल्या आयाबायांची मिश्री, सगळे तंबाखूतच आले. तंबाखू आणि दारू दोन्ही असतील तर धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून पुष्कळ वाढतो. खालच्या टोकाला होणाऱ्या प्रकाराचा संबंध वर्षानुवर्षांची जळजळ, आम्ल वर येणे आणि लठ्ठपणा यांच्याशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेयांनाही बहुधा कर्करोगकारक म्हटले आहे. चहा बशीत ओतून निववून पिण्याची आपली जुनी रीत काही वाईट नव्हती.

हा रोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, भांडे वापरल्याने लागत नाही. रोग्याचे ताट-तांब्या वेगळे काढण्याची काही गरज नाही.

२. उपचार आणि त्यांचा क्रम

न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली फ्रांझ टोरेक नावाच्या सर्जनांनी ६७ वर्षांच्या एका बाईंची छातीतली रोगट अन्ननलिका काढली. नळी जोडायची विद्या तेव्हा नव्हती. मानेवर एक छिद्र आणि पोटावर एक छिद्र ठेवून, जेवताना बाहेरून दोन्हींना रबराची नळी लावायची, असा तोडगा काढला. त्या बाई तशा जेवत बारा-तेरा वर्षे जगल्या. आता बाहेरची नळी लागत नाही. रोगट अन्ननलिका काढून जठराचीच लांबट नळी करतात, ती वर ओढून घेतात आणि मानेत किंवा छातीत उरलेल्या नळीला जोडतात. पुष्कळ ठिकाणी हे काम दुर्बिणीने, लहान छिद्रांतून होते.

रोग नळीच्या भिंतीत खोल गेला असेल तर बहुधा शस्त्रक्रियेआधी औषधांचे डोस, म्हणजे केमोथेरपी, आणि कित्येकदा सोबत रेडिएशन देतात. रेडिएशनला आपल्याकडे 'शेक देणे' किंवा 'लाईट देणे' म्हणतात. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच आठवडे केमोथेरपी आणि २३ वेळा रेडिएशन देऊन नंतर शस्त्रक्रिया केलेले रोगी, नुसती शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त जगले. खालच्या टोकाच्या प्रकारात शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर केमोथेरपी देण्याची पद्धतही आहे. कुणाला काय द्यायचे हे रोगाचा प्रकार, पायरी आणि रोग्याची ताकद बघून डॉक्टर ठरवतात.

आमच्या सभासदांच्या मुलाला वाटले होते की मुंबईला गेलो की आठवड्यात ऑपरेशन. तिथे डॉक्टर म्हणाले, "आधी यांना तगडं करू, मग औषधं, मग ऑपरेशन." घरचे हवालदिल झाले. "आमचं पेशंट टाळतायत," असा त्यांचा समज झाला. प्रत्यक्षात रेडिएशन संपल्यावरही काही आठवडे थांबतात, म्हणजे अंगातली सूज उतरते आणि रोग्याला उसंत मिळते. हा काळ फुकट जात नाही. घरच्यांनी करायची पहिली कामे याच काळातली आहेत.

३. शस्त्रक्रियेआधीची पाच कामे

पहिले काम : वजन धरून ठेवणे. सहा महिन्यांत दहावा हिस्सा वजन गेले, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ६ किलो, तर ते गंभीर समजतात. अशा अंगावर टाके लवकर भरत नाहीत आणि जंतूंचे फावते. घरी वजनकाटा नसेल तर दूध डेअरीत किंवा सोसायटीत आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, वजन करा आणि वहीत लिहा.

खाण्यात प्रथिने वाढवा. रोज किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम हे साधारण माप. ५० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम झाले. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात सुमारे ८ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात. घास उतरत नसेल तर तेच पातळ करून द्या: मुगाचे कढण, हुलग्याचे माडगे गाळून, दुधात शिजवलेली नाचणीची पेज, दाण्याचे कूट एकदम बारीक वाटून ताकात, अंडे घातलेले सूप. वरून चमचाभर तूप सोडा. नुसत्या भाताच्या पाण्यावर आणि सलाईनवर माणूस तगत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचे माप डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि ज्याच्या पोटात कित्येक दिवस जवळजवळ काहीच गेलेले नाही, त्याला एकदम भरमसाट देऊ नका. त्यानेही रक्तातले क्षार बिघडतात. अशा रोग्याचा आहार डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू वाढवतात.

इथे साखरेचा प्रश्न हमखास येतो. "साखरेवर कॅन्सर पोसतो, गोड बंद करा," असे सांगणारे गावोगाव भेटतात. आपण साखरेचे लोक, म्हणून आमच्यावर कुणी पक्षपाताचा आरोप करील, तरी सांगतो. साखर सोडल्याने हा रोग हटतो असा पुरावा नाही. जो माणूस फक्त पातळ गिळू शकतो आणि वाळत चालला आहे, त्याचे गोड दूध बंद करणे म्हणजे त्याची उपासमार करणे होय. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरांचे ऐका. शस्त्रक्रियेनंतर मात्र हेच गणित उलटते, ते पुढे सांगतो.

दुसरे काम : नळीला न घाबरणे. तोंडाने पुरेसे जात नसेल तर डॉक्टर नाकातून जठरात बारीक नळी घालतात किंवा पोटावर छोटे छिद्र पाडून आतड्यात नळी बसवतात. "नळीतून खायचं म्हणजे शेवट आला," असे आमच्या सभासदांच्या थोरल्या भावांनी पाहुण्यांसमोर म्हटले. रोग्याने ते ऐकले आणि दोन दिवस नळी घालू दिली नाही. खरे म्हणजे नळी ताकद भरण्यासाठी असते, काम झाले की काढतात. त्या नळीने सात आठवड्यांत त्यांचे वजन ५१ वरून ५४ झाले, तेव्हा कुठे भाऊ गप्प बसले.

तिसरे काम : तंबाखू आणि दारू बंद. भूल देण्याआधी निदान चार आठवडे तंबाखू सुटली तर फुप्फुसांना आणि जखमेला फायदा होतो. तितके दिवस हातात नसतील तरी आजच सोडा. हे एकट्या रोग्याने करायचे काम नव्हे. घरात कुणीही त्याच्यासमोर चंची उघडायची नाही. रोज दारू पिणाऱ्याने मात्र ती डॉक्टरांना सांगून, औषधाच्या आधाराने सोडावी. एकाएकी बंद केल्याने हातपाय कापणे, भ्रम होणे, झटके येणे असे घडू शकते.

चौथे काम : श्वास आणि चालणे. या शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनियाची भीती मोठी असते. म्हणून आधीच श्वासाचा व्यायाम शिकवतात. तीन गोळ्यांचे एक प्लास्टिकचे साधे यंत्र मिळते. तोंडात नळी धरून श्वास हळू आत ओढायचा, गोळ्या वर उचलायच्या, क्षणभर धरायच्या. जागे असताना दर तासाला दहा वेळा. आमच्या सभासदांचा नातू शेजारी बसून गोळ्या मोजायचा, त्यामुळे आजोबांना चुकवता येत नसे. त्याबरोबर रोज अर्धा तास चालणे. एका दमात होत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा.

पाचवे काम : दात आणि तोंड. किडका दात, हिरड्यांचा पू यांतले जंतू फुप्फुसांत उतरतात. शस्त्रक्रियेआधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात घासा. मिश्री अर्थातच नाही.

याशिवाय मधुमेह, रक्तदाब, दमा, रक्त पातळ करण्याची गोळी, पूर्वीचे ऑपरेशन आणि गावठी औषधे यांतले काहीही डॉक्टरांपासून लपवू नका.

४. रुग्णालयातले दिवस

शस्त्रक्रियेला सहा-आठ तास लागू शकतात. बाहेर बसलेल्यांनी वेळ लागला म्हणून घाबरू नये. नंतर रोगी अतिदक्षता विभागात असतो. छातीत, नाकात, पोटावर, लघवीला अशा नळ्या असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. म्हणून आत जाणाऱ्याला आधीच हे सांगून ठेवा, आणि आत जाऊन रडणाऱ्याला पाठवू नका.

दुसऱ्या दिवशीच नर्स रोग्याला उठवून खुर्चीत बसवतात. "एवढं मोठं ऑपरेशन, आणि लगेच उठवतात!" म्हणून वहिनी भांडायला निघाल्या होत्या. पण उठल्याने फुप्फुसे उघडतात आणि पायांत रक्ताच्या गाठी होण्याची भीती कमी होते. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची. दुखत असेल तर सोसू नये, सांगावे. दुखण्यापायी माणूस खोकत नाही आणि कफ आत साचतो.

नव्या सांध्यातून गळती होणे हा या शस्त्रक्रियेतला मोठा धोका. म्हणून काही दिवस तोंडाने थेंबही देत नाहीत आणि पोषण आतड्याच्या नळीतून देतात. "नुसतं पाणी तर पाजू," असे म्हणून कुणी चोरून घोट पाजू नये. ती माया जिवावर बेतू शकते. सारे सुरळीत असले तर साधारण दोन आठवड्यांत घरी सोडतात, गुंतागुंत झाली तर जास्त दिवस लागतात.

घरी निघण्याआधी एवढे विचारून, लिहून घ्या: नळीची निगा कशी, कोणती गोळी कुटून द्यायची आणि कोणती नाही, आहार कधी वाढवायचा, पुढची तारीख कोणती, आणि रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा.

५. घरी आल्यावर

ऊस तुटला की लागणीचे सगळे लाड संपतात आणि खोडव्याकडे आपण पाठ फिरवतो. बुडखे छाटणे, बगला फोडणे, खताची मात्रा वेळेवर देणे राहून जाते आणि मग "खोडवा साधत नाही" म्हणतो. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचे असेच होते. ऑपरेशनपर्यंत सगळे गाव धावते, आणि घरी आल्यावर "आता झालं बरं" म्हणून जो तो कामाला लागतो. खरी निगा इथून पुढे आहे.

जेवण : जठराची आता नळी झाली आहे. पूर्वीसारखा साठा होत नाही. म्हणून तीन जेवणांऐवजी दिवसातून सहा ते आठ वेळा थोडे-थोडे. वहिनींच्या वहीतले वेळापत्रक डॉक्टरांच्या संमतीने इथे देतो.

सकाळी ७ : अर्धी वाटी मऊ उपमा किंवा नाचणीची घट्ट पेज.
९ : एक अंडे.
११ : अर्धी वाटी मऊ भात, घट्ट वरण, तूप.
दुपारी १ : अर्धी वाटी दही, साखर न घालता.
३ : अर्धी वाटी मुगाची खिचडी.
५ : पनीर किंवा दाण्याच्या कुटाची मऊ भाजी.
संध्याकाळी ७ : ज्वारीची भाकरी वरणात भिजवून, चतकोर.

हे शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांचे आहे. त्याआधी पातळ, मग मऊ, मग नेहमीचे, अशी चढण डॉक्टर सांगतील तशी. प्रत्येक घास खूप चावायचा. पाणी जेवताना नको, जेवणाआधी किंवा नंतर अर्ध्या तासाने घोट-घोट. पोट भरल्यासारखे वाटले की थांबायचे. "एक घास माझ्यासाठी" असा आग्रह या घरात बंद.

गोड : सांगायची राहिलेली गोष्ट ती हीच. घरी येऊन पाच आठवडे झाले होते. शेजाऱ्यांनी गुऱ्हाळावरून मोठ्या प्रेमाने ताजी काकवी आणि तांब्याभर रस आणला. आमचे सभासद पेलाभर रस प्यायले. वीस मिनिटांत दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात मुरडा आला, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरात रडारड. "रोग उलटला," असे कुणी म्हणाले, कुणी म्हणाले हार्ट अटॅक. जीप काढून तालुक्याला नेले.

डॉक्टरांनी तपासून सांगितले की हृदय ठीक आहे, रोगही उलटलेला नाही. पूर्वी जठर साखरेचे पाणी थोडे-थोडे करून आतड्यात सोडायचे. आता तो बांध राहिलेला नाही. गोड पातळ पदार्थ एकदम आतड्यात धावतो, आतडे अंगातले पाणी ओढून घेते, म्हणून हे सारे होते. कधी जेवणानंतर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकाएकी उतरते, तेव्हा थरथर, भूक आणि घाम येतो. अशा वेळी थोडे काही खायला द्यावे आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगावे. उपाय सोपा आहे: उसाचा रस, काकवी, गूळपाणी, सरबत, पेढे, बासुंदी टाळणे, लहान जेवणे, प्रत्येक खाण्यात प्रथिने, जेवल्यावर थोडा वेळ टेकून बसणे. बहुतेकांना काही महिन्यांत हा त्रास कमी होतो. पण छातीत दुखून असे पहिल्यांदाच झाले तर घरच्या घरी अंदाज न बांधता डॉक्टरांकडे जाणेच बरे. त्या दिवशी जीप काढली ते योग्यच केले.

झोप : जठर आणि घसा यांच्यामधली झडप आता उरलेली नाही. आडवे झाले की आंबट पाणी वर येते आणि फुप्फुसात जाऊ शकते. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावून तो कायमचा उंच करा. नुसत्या दोन उशा घेतल्याने पोट दुमडते. शेवटचे खाणे झोपण्याआधी दोन-तीन तास. जेवून लगेच वाकायचे नाही.

नळी : पोटावरची नळी असेपर्यंत प्रत्येक वेळी देण्याआधी आणि दिल्यानंतर उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायची. हात साबणाने धुवूनच शिवायचे. पेज गाळून, कोमट, हळूहळू सोडायची, रोग्याला बसवून. नळी निसटून आली तर स्वतः आत सारू नका आणि उद्यावरही टाकू नका. छिद्र काही तासांतच मिटू लागते, लगेच रुग्णालय गाठा.

काम : रोज चालणे वाढवत न्या. जड ओझे दोन-तीन महिने नको, म्हणजे पाण्याची घागर, वैरणीचा भारा, मोटरचा पाइप काही नाही. मोटारसायकल डॉक्टरांनी सांगितल्यावर.

पहिल्या सहा महिन्यांत वजन आणखी काही किलो उतरणे नेहमीचे आहे. आवाज बसणे, थकवा, लवकर पोट भरणे हेही. पुढे बी-बारा जीवनसत्त्व आणि लोह कमी पडू शकते, ते रक्त तपासून भरून काढतात.

६. या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा

ताप व थंडी. नवा धाप लागण्याचा त्रास किंवा छातीत दुखणे. जखमेतून पू, किंवा मानेच्या जखमेतून लाळ-अन्न येणे. पाणी पिताना दर वेळी ठसका. एका पायाला सूज व दुखणे. काळी शौच किंवा रक्ताची उलटी. दिवसभर काहीच न टिकणे.

पुन्हा घास अडकू लागला तर लगेच धीर सोडू नका. कित्येकदा जोडाच्या जागी व्रण आकसतो आणि दुर्बिणीतून तो रुंद करता येतो. पण ते दुर्बिणीने बघूनच ठरते. म्हणून पहिली दोन वर्षे तीन ते सहा महिन्यांनी तपासणीला जायचेच, ऊस उभा असो की तुटलेला.

७. मन, माणसे आणि पैसा

रोग्यापासून रोगाचे नाव लपवायचे, ही आपल्याकडची रीत. आमच्या सभासदांना महिनाभर "अल्सर आहे" असे सांगत होते. त्यांना वॉर्डाच्या पाटीवरून सगळे कळलेच होते. ते घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून गप्प आणि घरचे त्यांच्यासाठी गप्प. पुढे ते आम्हाला म्हणाले, "आजारापेक्षा ते गप्प बसणं जड गेलं हो." रोग्याला किती ऐकायचे आहे हे त्यालाच विचारा आणि तितके खरे सांगा.

भेटायला जाणाऱ्यांनी दहा मिनिटांत उठावे. अमक्याचे काय झाले याच्या कथा सांगू नयेत, पेढे नेऊ नयेत. त्याऐवजी एक दिवस त्यांच्या रानात पाणी धरा, जनावरांची वैरण टाका, मुलाला रात्री झोपायला घरी पाठवा. वहिनींनी तीन महिने सलग रात्री झोप घेतली नव्हती. रोग्याची विचारपूस सारे गाव करते, तिची कुणी केली नाही. सेवा करणाऱ्याला आठवड्यातून एक दिवस तरी बदली मिळालीच पाहिजे.

पैशाची बाब. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन दाखल होण्याआधीच त्यांना भेटा. कर्करोगाच्या रोग्याला उपचारासाठी रेल्वे प्रवासात सवलत मिळते, त्याचा दाखला रुग्णालयातून घ्या. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालापासून हे काम करीत आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईत राहण्याची अडचण असेल तर दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा रोग्यांना आसरा देते. आधी चौकशी करून जा. घर-जमीन विकायच्या आधी हे सगळे दरवाजे ठोठावा.

शस्त्रक्रिया प्रत्येकालाच करता येते असे नाही. रोग पसरलेला असेल किंवा अंगात ताकद नसेल तर नळीत जाळीदार स्टेंट घालून किंवा रेडिएशन देऊन घास उतरता ठेवता येतो, दुखणे ताब्यात ठेवता येते. अशा घरी "आता काही उरलं नाही" म्हणू नये. दोन घास सुखाने उतरणे आणि रात्री झोप लागणे यांची किंमत त्या माणसाला विचारा.

आमचे सभासद आज ५२ किलोंचे आहेत. अंगावर पूर्वीसारखे मांस नाही, आवाजही थोडा घोगरा आहे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा बांधावर बसून खोडव्याच्या बगला फोडताना पाहत होते. खिशात डबी होती. आम्हाला वाटले, पुन्हा तंबाखू! डबीत भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट होते. घड्याळात पाहिले, पाच वाजले होते, दोन चमचे सावकाश चावून खाल्ले आणि म्हणाले, "चार महिने आधी गेलो असतो तर सोपं झालं असतं, एवढं मात्र लिवा."

लिहिले आहे.

हा अंक वाचून झाला की बाजूला टाकू नका. घरात मोठ्याने वाचून दाखवा. आणि आज रात्री जेवताना घरातल्या थोरल्या माणसांकडे जरा बघा: भाकरी कोण कुस्करून खातंय, दर घासाला पाणी कोण घेतंय, जेवायला वेगळं कोण बसतंय. तसे कुणी दिसले तर ऊस जाण्याची वाट बघू नका.